विषय : माझा अनुभव कळविणेबाबत

आम्हा अपंग माणसांचा, आमचं आम्हीच लिहिलेला एक अंक काढायचा होता. लिखाण पाठवा म्हणून आम्ही चिठ्ठ्या वाटल्या, त्यावर आलेलं पहिलं लिखाण असं होतं : 'प्रति, मा. संपादक साहेब यांस. विषय : माझा अनुभव कळविणेबाबत. महोदय, वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी मौजे अमुक, ता. पालम येथील कायमचा रहिवासी असून ६२ टक्के अपंग आहे. माझ्या घरी कमावते कोणी नाही. तरी माझा अनुभव अंकात छापून उपकृत करावे, ही नम्र विनंती.' खाली सही, तारीख, आणि सोबत अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. अनुभव कुठंच नव्हता.

मला हसू आलं आणि लगेच ओळखही पटली. ही भाषा माझ्याच दुकानातली. गंगाखेडला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं असतं, पण पोट भरतं ते अर्जांवर. निराधारचा पगार, युडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र), घरकुल, तीनचाकी सायकल. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला मांडीपासून कॅलिपर आहे, म्हणजे पाय ताठ धरणाऱ्या पट्ट्यांचा आधार. त्यामुळं आजूबाजूच्या तालुक्यांतले अपंग लोक अर्ज लिहायला माझ्याकडंच येतात. 'कसं काय' विचारायच्या आधी 'तुमचे किती टक्के?' विचारतात आणि मग निवांत बसतात. अर्जात माणूस जितका लाचार तितका अर्ज वजनदार, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. मला चालता येतं असं कुणी अर्जात लिहीत नाही, मग तो कुबडी टेकत फाट्यापासून चालत आलेला का असेना. वर्षानुवर्षं स्वतःबद्दल एवढंच लिहिलेल्या माणसाला एकदम 'तुमचा अनुभव लिहा' म्हटल्यावर तो दुसरं काय लिहिणार?

अंकाचं खूळ डोक्यात शिरलं ते एका ३ डिसेंबरला. जागतिक दिव्यांग दिन १९९२ पासून पाळतात, आणि आमच्याकडं पाळतात म्हणजे मंडप, शाल, श्रीफळ आणि 'दोन शब्द'. मंचाला चांगल्या उंच पायऱ्या होत्या, म्हणून माझी शाल मला खालीच मिळाली. मनोगताला एका अंध सरांना वर नेलं. सर जन्मापासून अंध, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. ते सांगायला लागले की शाळेच्या नोंदी ज्या ॲपमध्ये भरायच्या त्यातली अर्धी बटणं त्यांचा फोन वाचूनच दाखवत नाही, 'बटण, बटण' एवढंच म्हणतो, आणि मग रोज कुणाला तरी हाक मारावी लागते. सूत्रसंचालकानं हळूच माईक ओढला आणि म्हणाला, 'सर, थोडं जिद्दीबद्दल सांगा.'

दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचा फोटो आला, वर मथळा : अंधत्वावर मात. सर दुकानात आले. 'ताई, मी कशावर मात केली हो? अंधत्व तर आहे तसंच आहे. बटणं पण आहेत तशीच आहेत.'

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग म्हणून नोंदलेली माणसं २९ लाखांच्या वर होती. एवढ्यांची वर्षातून एका दिवशी बातमी, आणि ती लिहिणारा दुसराच. तिकडं कोल्हापूरला नसीमा हुरजूक, सोनाली नवांगुळ या चाकाच्या खुर्चीवरच्या दोघींनी आपलं आपण लिहिलं, ते आमच्यातल्या काहींनी वाचलंही होतं. पण परभणी जिल्ह्यातल्या कुणा कुबडीवाल्यानं किंवा मुक्या पोरीनं लिहिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. टायपिंग माझं, प्रिंटर माझा, झेरॉक्स मशीन माझं. मग अडलंय कुठं, असं वाटलं.

पहिली बैठक दुकानातच झाली, कारण दुकान रस्त्याच्या पातळीला आहे आणि दारात सिमेंटचा उतार मी करून घेतलाय. कुणाकुणाचं लिखाण घ्यायचं यावर तिथंच जुंपली. मळणीयंत्रात उजवा हात गेलेले एक भाऊ होते (मळणीयंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात, त्यामुळं सगळे त्यांना हडंब्याचे भाऊ म्हणतात, त्यांची हरकत नाही). जिंतूरकडचा एक पोरगा आला होता, हातपाय धड, डोळे धड. भाऊ म्हणाले, 'ह्याचं काय?' पोरगा म्हणाला, 'माझ्या गोळ्या चालू आहेत. डोक्याच्या.' भाऊंचं म्हणणं, मग उद्या सगळं गावच येईल. सरांनी कायदा काढला. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५च्या कायद्यात सातच होते, पण मानसिक आजार त्या सातांतही होता. भाऊ गप्प बसले, पण त्यांना पटलं नव्हतं. पटलं ते पोराचं लिखाण आल्यावर. हरभऱ्याला रानडुकरं लागली की घरातले पाळीपाळीनं जागलीला जातात, याला मात्र कुणी पाठवत नाही, रात्रीची गोळी घेतली की हा उठायचा नाही म्हणून. त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हेच. भाऊंनाही हात गेल्यापासून मळणीच्या दिवसांत घरीच ठेवतात.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हातपाय ताब्यात नसणं) असलेल्या पोराच्या आईवरून दुसरा वाद झाला. पोरगा वयात आलेला, बोलत नाही, हो-नाही डोळ्यांनी सांगतो. आईनं लिहिलं तर ते त्याचं लिखाण कसं होईल? सरांचं मत कडक होतं : घरचे लोक आमच्या वतीनं आधीच लई बोलतात. शेवटी ठरलं की आईनं फक्त स्वतःबद्दल लिहायचं, पोराच्या वतीनं एक वाक्य नाही. त्या माउलीनं स्वतःच्या पाठीबद्दल लिहिलं. वाढत्या वयाच्या मुलाला पलंगावरून मोरीपर्यंत नेताना कुठल्या पायावर भार घ्यायचा, कुठं त्याची टाच उंबऱ्याला लागते, आणि आपण पन्नाशीच्या झालो की मग कसं, हा विचार मनात आला की ती कसा झटकते. प्रत्येक परिच्छेद तिनं आधी पोराला वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यानं नाही म्हटलं. तो परिच्छेद छापला नाही. त्यात काय होतं ते मलाही ठाऊक नाही.

अर्जाची भाषा होतीच, पण तिच्या मागून आली ती सत्काराची भाषा, आणि ती जास्त चिवट निघाली. हडंब्याच्या भाऊंचा पहिला मसुदा : 'नियतीने माझा हात हिरावून घेतला, पण माझी जिद्द हिरावून घेऊ शकली नाही.' हे वाक्य मी नुकतंच एका सत्कारपत्रात टाईप केलेलं होतं, फक्त तिथं हाताच्या जागी पाय होता. भाऊंना दोष कसा द्यावा? स्वतःबद्दल चांगलं बोलायचं तर त्यांच्या कानावर एवढंच पडलेलं. एक तर अर्ज, नाही तर सत्कार. तिसऱ्या तऱ्हेनं त्यांच्याबद्दल कुणी बोललेलंच नाही.

मग आम्ही 'अनुभव लिहा' म्हणणं बंद केलं. प्रश्न लिहून द्यायला लागलो, बारके आणि जरा आगाऊ. एसटीत कोणती शीट धरता आणि का? लग्नात पंगत बसली की तुम्ही कुठं जेवता? पाऊस लागला की काय होतं? सकाळी उठल्यावर कशाला सगळ्यात जास्त वेळ लागतो? घरात कोणती वस्तू तुमच्या हाताला लागेल अशी कुणीच ठेवत नाही?

भाऊंनी शेवटच्या आधीच्या प्रश्नाला उत्तर दिलं आणि लेखाचं नाव ठेवलं 'नाडी'. एका हातानं पायजम्याची नाडी बांधता येत नाही. गाठ बसते, आवळत नाही. एक टोक दातात धरावं तर पायजमा छातीपर्यंत वर येतो. बायको बांधून द्यायची, पण बायको रानात गेली की दिवसभर कसं? त्यांनी नाडीला आधीच सरकगाठ मारून ठेवायची युक्ती काढली, एक टोक ओढलं की आवळते. 'पण सोडताना ती अडकते,' भाऊ लिहितात, 'आणि माणसाला नाडी सोडायची घाई असते तेव्हा खरंच घाई असते.' डाव्या हातानं लिहिलेली वाकडीतिकडी सहा पानं. त्यात जिद्द हा शब्द एकदाही नाही. वाचताना मी दुकानात एकटीच मोठ्यानं हसत होते.

६२ टक्केवाल्या मामांना पावसाचा प्रश्न पाठवला. मामा लिहू शकतात, पण त्यांना बोलायला जास्त आवडतं. त्यांनी फोनवर बोलून ठेवलं आणि मी ते उतरवलं. त्यांचं गाव नदीकाठच्या काळ्या जमिनीतलं. मृगाचा पहिला पाऊस झाला की पांदणीतला चिखल असा होतो की कुबडी टेकली की वीतभर आत जाते, आणि उपसली की लाकूड वर येतं, रबर खालीच राहतं. मग चिखलात हात घालून ते रबर चाचपायचं, पुसायचं, परत बसवायचं. ते तालुक्याला मिळत नाही, मिळालं तरी मापाचं मिळत नाही. मामा रबराला भोक पाडून बारीक तारेनं कुबडीला बांधून ठेवतात आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवतात. खिशात एक जादा रबर कायम असतं. 'चपलेला कुणी विचारतं का, तुझी चप्पल हरवली तर काय करशील?' मामा म्हणाले. 'मला जून ते सप्टेंबर तेवढीच काळजी असती.' हा अनुभव त्या पहिल्या अर्जात एका ओळीनं आला नव्हता. कुठल्याच नमुन्यात रबराचा रकाना नसतो, हेही खरं.

एसटीवर मी लिहिलं. आम्हाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, त्याबद्दल सगळे बोलतात. बसायचं कसं ते कुणी विचारत नाही. माझा डावा पाय कॅलिपरनं गुडघ्यात लॉक केला की सरळच राहतो, म्हणून मला ड्रायव्हरच्या बाजूच्या रांगेतली कडेची शीट लागते, म्हणजे पाय वाटेत पसरता येतो. राखीव शीट बहुतेकदा डाव्या रांगेत निघते. तिथं बसले तर पाय पुढच्या शीटमध्ये कोंबावा लागतो किंवा लॉक सोडावं लागतं, आणि लॉक सोडलं की उतरताना ते बसवायला कंडक्टरनं घंटी थांबवायला पाहिजे. त्यामुळं मी राखीव शीट सोडून दुसरीकडं बसते आणि लोक म्हणतात, 'तुमची तिकडं आहे ना?'

एका अक्कांचं लिखाण लातूरकडून आलं, सरांच्या सासुरवाडीच्या ओळखीतून. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या लोहारा तालुक्यातल्या माहेरच्या घरात झोपलेल्या. माळवद, म्हणजे मातीचं छत, अंगावर आलं, कण्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर. दर ३० सप्टेंबरला कुणी ना कुणी पत्रकार येतो आणि ती पहाट सांगा म्हणतो. सांगून सांगून ती पाठ झाली आहे, कुठं आवंढा गिळायचा तेही ठरलेलं, असं त्यांनीच लिहिलंय. त्यांनी आम्हाला स्पष्ट कळवलं : 'भूकंपावर लिहिणार नाही. पुनर्वसनातल्या घराच्या पायरीवर लिहीन.' दगडमातीच्या घरांनी माणसं मारली म्हणून नवी घरं पक्की बांधली, जोतं उंच घेतलं, पण त्या जोत्यावर चाकाची खुर्ची कशी चढणार हे त्या भूकंपात मणका मोडलेल्या बाईच्या घरालाही कुणाला सुचलं नाही. भावानं पुढं फळ्या टाकल्या. फळ्या दर पावसाळ्यात फुगतात. अक्कांचा सगळा लेख त्या फळ्यांवर आहे. माझ्या मते अंकातलं सगळ्यात चांगलं लिखाण तेच. सरांचं मत वेगळं आहे, त्यांना नाडी जास्त आवडते.

धारूरकडच्या एका मुलीच्या लिखाणानं मात्र आम्हाला बरेच दिवस अडवून धरलं. ती जन्मापासून ऐकत नाही, कर्णबधिरांच्या निवासी शाळेत शिकली, आईबाप ऊसतोडीला जातात. तिनं लिहून पाठवलं होतं : 'दिवाळी. वसतिगृह बंद. आई कारखाना. बाबा कारखाना. मी आजी घर. आजी बोलते तोंड. मी बघते तोंड. आजी दात नाही. तोंड समजत नाही. मी हसते. आजी हसते.' सर म्हणाले, व्याकरण नीट करू, नाहीतर लोक हसतील. शिक्षक माणूस, त्यांचा हात शिवशिवणारच. मला ते जसंच्या तसं ठेवायचं होतं, पण तेही मी कोण ठरवणार? तिच्या बोलण्याची भाषा हातांची. तिचं व्याकरण वेगळं, आणि मराठी तिला पाटीवरून शिकलेली दुसरी भाषा. मी दोन प्रती काढल्या, एक तिची, एक सरांनी सुधारलेली, आणि दोन्ही तिला पाठवल्या. तिनं सुधारलेलीवर फुली मारली. आपल्या प्रतीत एकच बदल केला : 'आजी हसते'च्या पुढं 'आजी पण समजत नाही' असं घातलं. तसंच छापलं.

यातून अंकाचा एकच कडक नियम तयार झाला. शेवटचं टाईप झालेलं पान लिहिणाऱ्याला ऐकवल्या-दाखवल्याशिवाय प्रिंटरला जाणार नाही. कामाला वेळ लागतो. पण अर्ज लिहिताना आम्ही तो वाचून दाखवतो तरी कुठं? अंगठा घेतला की झालं.

एका बाईंच्या लेखाला हा नियम पुरला नाही. त्यांनी लिहिलं होतं की परगावच्या लग्नाला जायचं तर त्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. मंगल कार्यालयात उकिडवं बसायचा संडास, त्यांना बसता येत नाही, आणि जावेला दरवेळी सोबत नेलं की ती चार बायकांत बोलून दाखवते. एप्रिल-मे, मराठवाड्याचं ऊन, आणि पाण्याचा घोट नाही. नाव छापू नका म्हणाल्या. ते सोपं होतं. पण तालुक्याच्या ठिकाणी नाव काढून माणूस लपत नाही. गाव काढलं, तरी अपंगत्वाचा प्रकार सांगितला की चार गावांत कोण ते कळतं. तोही काढला. जाऊ काढून नणंद घालू का, विचारलं, तर म्हणाल्या, 'नणंद बिचारी चांगली आहे.' शेवटी 'घरातली एक बाई' झालं. अंक निघाल्यावर एक गृहस्थ दुकानात येऊन त्या लेखाखाली कुणाचं नाव आहे ते विचारून गेले. मी लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते, मान वर केली नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली, कागद त्यात आला. एका पुढाऱ्याच्या माणसानं सगळा खर्च देऊ केला, अट एकच, आतल्या पहिल्या पानावर साहेबांचा फोटो. हडंब्याचे भाऊ म्हणाले, 'घ्या पैसे. फोटोचं पान फाडून वाटू.' मतदान घेतलं. भाऊ एकटे पडले, आणि अजून म्हणतात की तुम्ही सगळे येडे आहात.

नावाचंही असंच झालं. 'भरारी', 'उमेद', 'पंख', 'जिद्द' अशी नावं आली, आणि प्रत्येक नावाला कुणी तरी हात वर करून नको म्हटलं. मुखपृष्ठावर शेवटी 'अंक पहिला' एवढंच आहे, आणि खाली 'केवळ खाजगी वितरणासाठी'.

टायपिंगची गोष्ट जरा धंद्यातली आहे, पण सांगायला पाहिजे. आमच्या धंद्यात अजून श्रीलिपी आणि कृतिदेव चालतात. हे फाँट कागदावर देखणे दिसतात, पण आत मूळ अक्षरं इंग्रजीच असतात, वरून मराठीचा रंग दिलेला. डोळ्यांनी वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. सरांचा फोन मात्र ती फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची बरळ सुरू करतो. म्हणून सगळं युनिकोडमध्ये टाईप केलं, त्यात आतली अक्षरंही मराठीच असतात. परभणीचा एक छापखानेवाला म्हणाला, आमच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला, पेजमेकरला, युनिकोड चालत नाही, बदलून आणा. बदलायचं सॉफ्टवेअर आहे, पण त्यातून 'कुऱ्हाड' आणि 'तऱ्हा' धड बाहेर पडत नाहीत, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, म्हणजे प्रूफं पुन्हा पहिल्यापासून. छापखाना सोडला. माझ्याच प्रिंटरवर मूळ प्रत काढली आणि झेरॉक्स मशीनवर चालवली. तीच युनिकोडची फाईल सरांना फोनवर दिली, त्यांनी कानांनी प्रूफं तपासली. डोळ्यांना न दिसलेल्या चुका त्यांनी काढल्या. 'दीन' आणि 'दिन' यांतला फरक मात्र फोन त्यांना नीट सांगत नाही, तो मी बघितला.

अक्षर १६ पॉइंटचं घेतलं. मानवतची एक कमी दिसणारी मुलगी १८ मागत होती. ए-फोरचा कागद मध्ये दुमडला की चार पानं होतात, म्हणून पुस्तिकेची पानं चारच्या पटीत बसवावी लागतात. आमची ४५ भरली. उरलेल्या तीन पानांत भाऊंनी नाडीच्या सरकगाठीची आकृती काढून दिली, एका पानावर प्रश्नांची यादी टाकली, एक कोरं सोडलं. २०० प्रतींना एकेकी १२ कागद, म्हणजे पाच रीमला जरा कमी. दुमडायला धारूरची मुलगी आली होती. तिचा घडीवरचा हात असा बसला की मशीन मागं पडलं.

ब्रेल प्रत छापून घेणं परवडण्यासारखं नव्हतं. सरांनी पाटी आणि सळई काढली. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि सळईनं एकेक टिंब टोचत जायचं, तेही उजवीकडून डावीकडं, कारण टिंबं कागदाच्या पाठीमागं उठतात आणि कागद उलटला की ती डावीकडून बोटाला लागतात. माझ्या छापील दोन पानांना त्यांची कितीतरी पानं लागली. आपला लेख, नाडी आणि अक्कांची फळी एवढंच त्यांनी केलं. एकच प्रत. ती फिरत असते, सध्या नांदेडला आहे.

प्रकाशन ३ डिसेंबरला करायचं नाही यावर एकमत होतं. सरांनी ४ जानेवारी सुचवली, लुई ब्रेलचा जन्मदिवस, १८०९चा. एका वाचनालयानं हॉल देऊ केला, तो वरच्या मजल्यावर. मग एका मंगल कार्यालयाचं जेवणघर घेतलं, दाराला पायरी नाही म्हणून. संडास आधी जाऊन बघितला, आणि एकाच्या घरची कमोडची खुर्ची रिक्षात घालून आणली. मंच नाही, पाहुणे नाहीत, शाली नाहीत. ज्यानं त्यानं आपलं वाचायचं, किंवा सांगेल त्यानं वाचायचं.

भाऊंनी नाडी वाचली. लोक हसता हसता टेबलं बडवायला लागले, तशी मागून त्यांची बायको उभी राहिली. 'सरकगाठ-बिरकगाठ घरी. लग्नाकार्याला जायचं असलं की अजून मीच बांधून देते. ते कामून लिहिलं नाही?' भाऊ म्हणाले, 'दुसऱ्या अंकात लिहितो.' बायको म्हणाली, 'दुसऱ्या अंकात मी लिहिते.'

मामा पावसाचे दिवस नव्हते म्हणून आले होते. आपलं लिखाण छापून आलेलं त्यांनी एकदा वाचलं, मग प्रत माझ्यापुढं धरून म्हणाले, 'ताई, ह्याच्यात माझे टक्के टाकले नाहीत.' मी म्हटलं, टाकायचे का? थोडा विचार करून म्हणाले, 'ऱ्हाऊ द्या. रबराचं कळलं म्हणजे झालं.' पण जाताना त्यांनी प्रमाणपत्राची झेरॉक्स परत मागून घेतली, पुढं कुठं तरी लागेल म्हणून.

दुसऱ्या अंकाचा विषय पाणी धरलाय. तो अक्कांनी सुचवला. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा त्या लातुरात भावाकडं होत्या. टँकर आला की धावत जाऊन नंबर धरायचा, तर व्हीलचेअरवाल्या बाईचा नंबर कुठला, आणि तिच्या वाटणीची घागर घरात कुणाच्या हिशेबात धरायची, यावर रोज बोलाचाली व्हायची म्हणे. कुबडीवाल्याचे दोन्ही हात कुबड्यांत, घागर धरायची कशानं, हा मामांचा मुद्दा. अजून लिखाण आलेलं नाही.

वाद मात्र आधीच सुरू आहेत. सरांना पूर्ण अंक ब्रेलमध्ये पाहिजे आणि त्यासाठी ते वर्गणी दुप्पट करा म्हणतात. भाऊंना अक्षर १४ वर आणून कागद वाचवायचाय. मानवतची मुलगी म्हणते, १४ केलंत तर मी लिहिणार नाही, आणि वाचता तर येणारच नाही. धारूरच्या मुलीला यावेळी माझ्या बरोबरीनं संपादन करायचंय. आतापर्यंत आम्हीच सगळ्यांना प्रश्न विचारले, आता ऐकणाऱ्या लोकांना काही विचारू, असं तिचं म्हणणं. तिनं यादी पाठवली आहे. पहिला प्रश्न : 'तुम्ही फोन बोलता. हात हलवता. समोर माणूस नाही. हात कोण बघतो?' भाऊ म्हणाले, हा प्रश्न मला लागू होत नाही, माझा एकच हात आहे आणि त्यात फोन असतो. सोयाबीन निघालं की बैठक आहे, तिथं यादी पुढं घेऊ.